मालिका पाहावी, कादंबरी वाचावी

श्रावणातील झड लागलेली असावी, दिवेलागणी होऊन गेलेली असावी आणि पाने मांडावयास अजून अवकाश असावा, अशा वेळी मराठी घरांतून पूर्वी पोथी निघत असे. एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी वाती वळीत किंवा शेंगा सोलीत ऐकावे, असा तो परिपाठ होता. आता त्याच वेळी त्याच ओसरीवर दूरदर्शनचा पडदा उजळतो आणि त्यावर भगवे निशाण फडकू लागते. घोड्यांच्या टापा ऐकू येतात, तुतारी वाजते, आणि घरातील लहानथोर मंडळी आपापली कामे घेऊन पडद्यासमोर येऊन बसतात. हे चित्र पाहून काही वडीलधारी माणसे हळहळतात. मालिकांनी ग्रंथ मारला, असे त्यांचे म्हणणे असते.

ही हळहळ प्रामाणिक असली तरी तिच्यात थोडी विस्मृती आहे. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचा मान आहे, ती रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ मध्ये पुस्तकरूपाने आली. पण त्यापूर्वी 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून ती प्रकरणाप्रकरणाने वाचकांच्या हाती पडत होती. पुढे हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून हप्त्याहप्त्याने दिल्या. पुढील अंकापर्यंत नायकाचे काय झाले असेल या काळजीत त्या वेळचे वाचक आठवडा काढीत. म्हणजे ऐतिहासिक कादंबरी जन्मली तीच मुळी मालिका होऊन. कागदावरचा 'क्रमशः' आणि पडद्यावरचा 'उद्याच्या भागात' हे एकाच कुळातील आहेत. त्यांची सोयरीक नव्याने जोडता आली, तर घराचा लाभच होईल. ती कशी जोडावी आणि तिच्यात धोका कोणता, हा आजचा विषय आहे.

छत्रपती संभाजीनगरातील औरंगपुऱ्यात राहणारे एखादे कुटुंब उदाहरणादाखल डोळ्यांपुढे आणावे. घरात सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आजोबा, वाचनाची आवड असलेली आजी, नोकरी करणारे मुलगा व सून आणि दहा वर्षांची नात. या घरात 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका फार आवडीने पाहिली गेली. झी मराठीवर ती सप्टेंबर २०१७ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत चालली आणि अमोल कोल्हे यांनी तीत संभाजीराजांची भूमिका केली. नात तेव्हा अगदी तान्ही असली तरी अडले नाही. जुन्या मालिका आता भ्रमणध्वनीवरही हव्या तेव्हा पाहता येतात. तिने ती अशीच, सुटीच्या दिवसांत, आजीच्या मांडीला टेकून पाहिली.

पुढे शाळेत इतिहासाची चाचणी झाली. येसूबाईंविषयी चार ओळी लिहावयाच्या होत्या. मुलीने मालिकेतील येसूबाईंच्या तोंडचे एक भारदस्त वाक्य अवतरणचिन्हांसह लिहून दिले. बाईंनी त्याखाली तांबडी रेघ ओढली आणि गुण कापले. मुलगी रडवेली होऊन घरी आली.

"आजोबा, येसूबाई तसंच म्हणाल्या होत्या. मी स्वतः ऐकलंय!" ती म्हणाली.

आजोबांनी उपदेश न करता कपाटातून शिवाजी सावंतांची 'छावा' काढली. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही जाडजूड कादंबरी त्या घरात दोन पिढ्यांनी हाताळलेली होती. रोज रात्री दोनचार पाने मोठ्याने वाचावयाची आणि ते वाक्य शोधावयाचे, असे ठरले. शोध बरेच दिवस चालला. वाक्य काही सापडले नाही. परंतु शोधता शोधता मुलगी कादंबरीत रमली. मालिकेत जे क्षणात होऊन गेले होते, ते येथे पानेच्या पाने रेंगाळत होते. उलट, मालिकेने जे आठवडाभर लांबविले होते, ते सावंतांनी एका परिच्छेदात उरकले होते. शेवटी तिने विचारलेच :

"मालिकेत आहे ते पुस्तकात नाही. मग खोटं कोण बोलतंय?"

"खोटं कोणीच बोलत नाही, बाळ. दोघंही गोष्ट सांगताहेत," आजोबा म्हणाले. "काय घडलं ते विचारायचं असेल, तर तिसऱ्याकडे जावं लागेल."

मालिका आणि कादंबरी यांची जोडी लावण्याचे सारे मर्म या प्रश्नोत्तरात आहे. नुसती मालिका पाहणाऱ्याला असा प्रश्न पडत नाही. नुसती कादंबरी वाचणाऱ्यालाही तो क्वचितच पडतो, कारण चांगला कादंबरीकार वाचकाला शंका घेण्याइतकी उसंत देत नाही. परंतु एकाच प्रसंगाच्या दोन कथा शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे त्या जेथे जुळत नाहीत तेथे एक फट दिसू लागते. त्या फटीतूनच माणूस इतिहासाच्या अंगणात उतरतो.

आजोबांचे उत्तर ऐकून आजी मात्र हसल्या. "अहो, तिला काय शिकवता? तुम्ही तरी संभाजीराजे कुठून शिकलात? नाटकांतूनच ना?" त्यांचा हा टोला वर्मी बसला. आजोबांच्या बालपणी जो संभाजी त्यांच्या मनात ठसला होता, तो शूर खरा, परंतु उतावळा, व्यसनी आणि पित्याच्या कीर्तीला न शोभणारा असा होता. तो त्यांनी कोठल्याही दप्तरात वाचला नव्हता; रंगभूमीवर पाहिला होता आणि मोठ्या माणसांच्या बोलण्यात ऐकला होता. ज्या चुकीसाठी नातीचे गुण गेले, तीच चूक आजोबांच्या पिढीने केली होती. फक्त त्यांचे गुण कोणी कापले नव्हते.

ही गोष्ट त्या एका घरापुरती नाही. संभाजीराजांच्या प्रतिमेचा प्रवास हा या विषयाचा सर्वांत मोठा धडा आहे. १६८९ मध्ये राजांचा अंत झाला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी मल्हार रामराव चिटणीस यांनी बखर लिहिली. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांच्या आज्ञेने देहान्त शासन झाले होते. तेव्हा बखरकाराच्या लेखणीत कुळाचे दुःख उतरले असावे, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. पुढे बखरीतील हा रंग नाटकांत आला. राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' या अपुऱ्या राहिलेल्या नाटकातील संभाजी त्याच वळणाचा आहे. नाटकाची भाषा जितकी तेजस्वी, तितकी ती प्रतिमा लोकांच्या मनात खोल गेली.

ही प्रतिमा बदलली ती कोण्या नाटकाने किंवा कादंबरीने नव्हे. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची अनेक वर्षे कागदपत्रे धुंडाळण्यात घालविली आणि १९६० मध्ये संभाजी महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले. त्यामागून १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' आले. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारा, पोर्तुगीज, सिद्दी आणि मोगल अशा तीन शत्रूंशी नऊ वर्षे झुंजणारा राजा या ग्रंथांतून दिसू लागला. कागदांनी जमीन नांगरून ठेवल्यावर सावंतांच्या 'छावा'ने तीत बी पेरले. २००५ मध्ये विश्वास पाटलांची 'संभाजी' ही कादंबरी आली. मग मालिका आली आणि २०२५ मध्ये 'छावा'वर आधारलेला हिंदी चित्रपटही देशभर गेला. मालिकेसमोर बसलेल्या प्रेक्षकाला साखळीची ही शेवटची कडी तेवढी दिसते. पहिली कडी धुळीने माखलेल्या दप्तरात असते आणि ती ओढून काढणाऱ्याचे नाव पडद्यावर झळकत नाही.

ज्या शहराने २०२३ पासून संभाजीराजांचे नाव अधिकृतपणे धारण केले आहे, तेथील घरांना हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. नाव पाटीवर लिहिणे सोपे असते. त्या नावामागचा माणूस जाणून घेण्याला मात्र पुस्तकांचीच पायरी चढावी लागते.

आता काही जोड्यांचा विचार करावा. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरविली गेली. थोरल्या माधवरावांवरील या कादंबरीची मालिका मुंबई दूरदर्शनने दाखविली, तेव्हा घरांतून एकच वाहिनी होती. रवींद्र मंकणी यांचे माधवराव आणि मृणाल देव, म्हणजे पुढच्या मृणाल कुलकर्णी, यांच्या रमाबाई त्या पिढीच्या मनातून अद्याप गेलेल्या नाहीत. ही जोडी आदर्श म्हणावी अशी आहे, कारण पडदा आणि पान यांनी येथे कामे वाटून घेतली आहेत. थेऊरच्या शेवटच्या दिवसांत माधवरावांचा खंगलेला चेहरा आणि रमाबाईंचे मुके डोळे पडदा एका क्षणात दाखवितो. परंतु सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे अंगावर आलेल्या मुलाच्या मनात काय चालले असेल, ते पानच सांगू शकते.

मराठवाड्यातील वाचकाने या जोडीला तिसरी एक गोष्ट जोडावी, ती म्हणजे राक्षसभुवन. बीड जिल्ह्यातील हे गाव गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहे. ऑगस्ट १७६३ मध्ये नदीला पूर होता. निजामअली आपल्या सैन्याचा एक भाग घेऊन औरंगाबादेच्या बाजूस उतरून गेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडच्या तीरावर राहिला. १० ऑगस्टला मराठ्यांनी त्याला गाठले. त्या लढाईत दिवाण पडला. रणात अडचणीत सापडलेल्या राघोबादादांच्या मदतीस माधवराव वेळेवर धावून गेले, आणि आदल्याच वर्षी आळेगावी याच चुलत्यापुढे त्यांना शरण जावे लागले होते. अठरा वर्षांच्या त्या मुलाचे मोठेपण समजावयास पुराने फुगलेली गोदावरी एकदा काठावर उभे राहून पाहावी. नंतर 'स्वामी' पुन्हा उघडली, तर चुलत्यापुतण्यांच्या संवादांतील ताण निराळाच जाणवेल.

आजींची आवडती जोडी आणखी निराळी आहे. २०१२ आणि २०१३ मध्ये झी मराठीवर 'उंच माझा झोका' ही रमाबाई रानड्यांच्या जीवनावरील मालिका झाली. तिच्याशेजारी कादंबरी ठेवण्याचे कारणच नाही. कारण खुद्द रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहून ठेवल्या आहेत आणि त्या १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, लग्न होऊन आलेली मुलगी पतीच्या इच्छेखातर धुळाक्षरे गिरविते, आणि त्यापायी घरातील बायकांचे टोमणे निमूटपणे सोसते, हे मालिकेत पाहताना डोळे भरून येतात. आठवणी वाचताना मात्र नवल वाटते ते लेखिकेच्या संयमाचे. जेथे मालिकेचे पार्श्वसंगीत टिपेला जाते, तेथे रमाबाई दोन साध्या वाक्यांत पुढे सरकतात. ज्यांनी सोसले ते किती हलक्या आवाजात बोलतात, हे त्या घरातील सुनेला या वाचनातून उमगावे, यापरते दुसरे फळ कोणते?

शिवचरित्राची जोडी सर्वांना ठाऊकच आहे. २००८ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झालेली, नितीन चंद्रकांत देसाई यांची 'राजा शिवछत्रपती' ही मालिका आणि रणजित देसाई यांची 'श्रीमान योगी' ही कादंबरी. येथे एक सूचना अगत्याची आहे. अनेक वाचक 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना ओलांडून थेट कथेत शिरतात. तसे करू नये. ती दीर्घ प्रस्तावना नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची आहे. कादंबरी वाचकाला भारून टाकते, तर ही प्रस्तावना त्याला विचार करावयास लावते. आणि दोन्ही एकाच बांधणीत मिळतात, हे मराठी वाचकाचे भाग्य होय. त्याचप्रमाणे श्याम बेनेगल यांच्या १९८८ च्या 'भारत एक खोज' मालिकेत ओम पुरी यांनी रंगविलेला औरंगजेब पाहून झाल्यावर ना. सं. इनामदारांची 'शहेनशहा' वाचावी. शत्रूच्या गोटात शिरून त्याचे मन पाहण्याचे धैर्य लेखकाने दाखविले आहे. वाचकाने ते का दाखवू नये? आणि खुलताबाद तर शहरापासून अवघ्या पाऊण तासाच्या वाटेवर आहे.

या सुखात धोके आहेत, तेही सांगितले पाहिजेत. रोज एक भाग दाखवावयाचा, तर कथानक ताणावे लागते. मग तलवारीचे पाते म्यानातून बाहेर यावयास तीन दिवस लागतात आणि एकाच मुद्रेवर सतरा वेळा वीज चमकते. पोशाख, दागिने, वाड्यांची रंगरंगोटी यांत काळाचे भान सुटते. हे दोष वरवरचे आहेत. खरा धोका मात्र निराळा आहे. पाहिलेले आणि ऐकलेले माणसाला घडलेले वाटू लागते. १९९० मध्ये 'टिपू सुलतानाची तलवार' ही हिंदी मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हा तिच्यावरून मोठा वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ही कथा कादंबरीवर आधारलेली, कल्पित आहे, अशी सूचना प्रत्येक भागाबरोबर दाखविली जाऊ लागली. अशा सूचना आजही दिसतात; परंतु त्या वेळी घरातील मंडळी पाणी प्यावयास उठलेली असतात.

म्हणून त्या औरंगपुऱ्यातील घराने काही साधे नियम करून घेतले. पहिला नियम असा की, मालिका जेथवर आली असेल तेथवरच कादंबरी वाचावयाची, आणि तीही मोठ्याने. म्हणजे ऐकणारे सारे एकाच पानावर राहतात. दुसरा, एक वही ठेवून जेथे दोन्हींत फरक दिसेल तेथे एक ओळ टिपावयाची. ही वही नातीच्या ताब्यात असते आणि तिच्यावर ती कोणाला हात लावू देत नाही. तिसरा नियम, महिन्यातून एकदा त्या वहीतील एक प्रश्न निवडून त्याचे उत्तर चरित्रग्रंथात किंवा मूळ साधनांच्या मराठी अनुवादात शोधावयाचे. यासाठी पदरमोड करून ग्रंथ विकत घ्यावेच लागतात असे नाही. बळवंत वाचनालयासारख्या शहरातील जुन्या ग्रंथालयांची वर्गणी एका वेळच्या बाहेरच्या जेवणाहून जड नाही. सेतुमाधवराव पगडींसारख्या मराठवाड्यातील विद्वानाने फारसी साधने मराठीत आणून ठेवली आहेत, ती अशाच वाचकाची वाट पाहत कपाटात उभी असतात.

या वहीमुळेच आजोबांना एक नोंद सापडली आणि तिने सारे घर चकित झाले. आग्र्याहून सुटून आल्यावर शिवाजी महाराजांनी मोगलांशी काही काळ सलोखा ठेवला. त्या करारानुसार नोव्हेंबर १६६७ मध्ये संभाजीराजे शाहजादा मुअज्जमच्या भेटीसाठी औरंगाबादेस आले. प्रतापराव गुजर त्यांच्याबरोबर होते. १४ मे १६५७ चा त्यांचा जन्म. म्हणजे त्या वेळी ते अवघे दहा वर्षांचे होते. जे शहर आज त्यांचे नाव सांगते, त्यात ते मोगलांचे पंचहजारी मनसबदार म्हणून आले होते, तेही नातीच्या वयाचे असताना!

त्या रविवारी पावसाने उघडीप दिली होती. आजोबा नातीला घेऊन भडकल दरवाजापाशी गेले. हे शहर खडकी म्हणून वसविणाऱ्या मलिक अंबरने मोगलांवरील विजयाप्रीत्यर्थ १६१२ मध्ये हा दरवाजा बांधला. त्याच्या उंच कमानीखाली उभी राहून मुलीने बराच वेळ वर पाहिले. मग विचारले :

"आजोबा, संभाजीराजे याच दरवाजातून आत आले असतील?"

आजोबा क्षणभर थांबले. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी "हो" म्हणून टाकले असते.

"ते या शहरात आले होते, हे नक्की. हा दरवाजा तेव्हा उभा होता, हेही नक्की," ते म्हणाले. "यातूनच आले की नाही, ते कागद सांगत नाहीत. तेवढं कादंबरीकारानं लिहावं."

मुलीने पिशवीतून वही काढली आणि दरवाजाच्या पायरीवर बसून पहिल्या दोन गोष्टी एका बाजूस लिहिल्या व तिसरी दुसऱ्या बाजूस. मध्ये तिने एक सरळ रेघ ओढली. पडद्यावरचा आणि पानावरचा इतिहास आनंदाने भोगावा; ती रेघ मात्र घरातील प्रत्येकाला ओढता यावी.